पेटीमास्तर

आमच्या 8.12च्या डोंबिवली फास्टमध्ये ज्यांना सगळे पेटीमास्तर म्हणतात, त्यांनी जन्मात हार्मोनियमला हात लावलेला नाही. सुरांशी त्यांचा संबंध भजनी मंडळाच्या शेजारी बसण्यापुरता. पण उजव्या हाताची बोटं मांडीवर सारखी चालू. कधी एक, कधी तीन, मध्येच पाची एकदम. नजर वर पंख्याकडे, ओठ किंचित हलतायत. पहिल्या दिवशी मंडळाच्या ढोलकीवाल्याला वाटलं, गृहस्थ आपल्याला साथ करतोय. त्यानं कौतुकानं मान डोलावली, सरकून जागा दिली आणि विचारलं, "पेटी कुठे शिकलात?"

"पेटी नाही हो. टायपिंग."

डब्यात एवढं ऐकून घ्यायला वेळ कुणाला? नाव पडलं ते पडलं. आता तर फलाटावरही कुणीतरी ओरडतं, "मास्तर, पेटी आणली का?" आणि मास्तर हात वर करून दाखवतात. पाच बोटांत पाच काळी रबरी कडी, एका पातळ दोरीनं एकमेकांना जोडलेली. अंगठ्यातलं कडं जरा जाड, कारण मेंदू त्यात आहे. म्हणजे या कड्यांच्या पट्ट्याचा मेंदू. मास्तरांचा कुठे आहे याबद्दल डब्यात मतभेद आहेत.

वय पन्नाशीच्या पुढे, फोर्टमध्ये विम्याच्या कचेरीत नोकरी, स्वभावानं भिडस्त. उधारी नाही, भांडण नाही, चौथी सीट मिळाली तरी तक्रार नाही. अर्धं बूड टेकवून सीएसएमटीपर्यंत येतील. एकाच गोष्टीवर त्यांचा आवाज चढतो. कीबोर्ड ही तात्पुरती सोय आहे, असं त्यांचं ठाम मत आहे. "दीडशे वर्षं झाली," ते म्हणतात, "यंत्राचे दांडे एकमेकांत अडकत होते त्या काळातली ही मांडणी. दांडे गेले, शाईची फीत गेली, कागद गेला. अक्षरं मात्र तिथेच बसलीयत, भाडेकरू सोडायला तयार नाही!"

असे लोक आपल्याकडे पुष्कळ. चालू असलेली प्रत्येक गोष्ट यांना मुक्काम न वाटता फलाट वाटते. गॅसवर चहा उकळत असताना हे पुढच्या चुलीबद्दल बोलत असतात. फक्त बाकीचे बोलून थांबतात आणि मास्तर पैसे भरून मागवतात.

मागवलेल्याचा इतिहास माळ्यावर आहे. खोक्यावर मार्करनं नाव आणि साल. सगळ्यात तळाला गुंडाळी होणारा रबरी कीबोर्ड. तो वहिनींनी पोळपाटाखाली घालून पाहिला होता, आणि पोळपाट तसूभरही सरकत नाही हा त्याचा एवढा एकच गुण घरात सर्वमान्य झाला. त्याच्या वरच्या खोक्यात लेझरवाला. ती डबी टेबलावर ठेवली की समोर लाल रेघांचा कीबोर्ड उमटायचा. पण जेवणाच्या टेबलावर वहिनींच्या हातचा क्रोशाचा रुमाल. अर्धी अक्षरं दोऱ्यावर, अर्धी भोकात. रुमाल काढायचा की लेझर, यावर आठवडाभर बोलणी झाली. रुमाल अजून टेबलावर आहे. तिसऱ्या खोक्यात हातमोजा. तो मे महिन्यात आला. डोंबिवलीत मे महिन्यात उजव्या हातात काळा मोजा घालून भाजी घ्यायला गेलेला माणूस मी डोळ्यांनी पाहिलाय. भाजीवाल्या मावशींनी कोथिंबीर फुकट दिली आणि विचारलं, "भाजला का हो हात?"

त्यानंतर हा पट्टा.

तो आला त्या संध्याकाळी मास्तर आमच्याकडे प्रात्यक्षिकाला आले. बायकोनं पोहे पुढे ठेवले. मास्तरांनी डिश बाजूला सारली, पोह्यांचा अपमान होईल इतकी लांब, आणि हात टेबलावर ठेवला.

"यात ॲक्सिलरोमीटर आहेत. प्रत्येक बोटाला एक. चिपच्या पोटात सिलिकॉनचा एक कण, सिलिकॉनच्याच स्प्रिंगांवर टांगलेला. बोट हललं की तो मागे राहतो, तेवढ्यानं आजूबाजूच्या पट्ट्यांतलं अंतर बदलतं आणि विजेच्या भाषेत कळतं, झटका बसला. आपल्या गाडीत उभा असलेला माणूस घ्या. गाडी सुटली की मागे जातो, ब्रेक लागला की पुढे. त्याच्याकडे बघून तुम्ही गाडीचं सगळं सांगू शकता."

"गाडी कुठे आहे तेही?"

इथे मास्तर खुलले. हा प्रश्न त्यांना कुणी विचारत नाही. "तिथंच तर ग्यानबाची मेख आहे! झटक्यांवरून वेग काढायचा, वेगावरून जागा काढायची, म्हणजे बेरजेची बेरीज. पहिल्या झटक्यात केसभर चूक असली तर ती वेळेच्या वर्गानं फुगत जाते. डोळे मिटून नुसत्या धक्क्यांवर भरवसा ठेवलात तर घाटकोपर समजून ठाण्यालाच उतराल. त्यात ही चिप टेबलावर स्वस्थ पडली असली तरी 9.8 सांगत असते, पृथ्वीचं ओढणं तिला कधी विसरता येत नाही. म्हणून शहाण्यांनी काय केलं? बोट कुठे आपटलं हे विचारायचंच सोडून दिलं. कुठली बोटं एकदम आपटली, एवढंच विचारायचं."

आणि मग त्यांनी हिशेब मांडला. प्रत्येक बोट एकतर टेकलेलं किंवा उचललेलं. पाच बोटांचे प्रकार 32. त्यातला एक, जेव्हा एकही बोट टेकत नाही, तो सोडायचा, कारण नाहीतर माणूस झोपलेला असतानाही टाइप करत राहील. उरले 31. इंग्रजीची 26 अक्षरं बसून वर पाच शिल्लक. पाच स्वर पाच बोटांना: अंगठा ए, तर्जनी ई, मधलं आय, अनामिका ओ, करंगळी यू. पाची एकदम टेकली की मोकळी जागा. टेबल नको, कळा नकोत, बघायला नको. मांडीवर, उशीवर, भिंतीवर, कुठेही.

त्यांनी डोळे मिटले आणि आमच्या टेबलावर लिहून दाखवलं. फोनवर इंग्रजीत उमटलं: टेस्टिंग. मग पुन्हा: टेस्टिंग वन टू थ्री.

बायकोनं विचारलं, "दुसरं काही लिहा की."

मास्तर जरा थांबले. विचारात पडले. मग त्यांनी तो चपळ तपकिरी कोल्हा आणि आळशी कुत्रा यांचं वाक्य लिहिलं, ज्यात इंग्रजीची सगळी अक्षरं येतात. तोपर्यंत पोहे गार झाले होते.

मास्तरांच्या घरात सण आपल्यासारखेच होतात, फक्त एक जास्त. 9 डिसेंबर. 1968 साली या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट नावाच्या इंजिनिअरनं संगणकाचं दीड तासाचं प्रात्यक्षिक केलं. पडद्यावर खिडक्या, एका शब्दावरून दुसऱ्या कागदावर उडी, दूरच्या माणसाशी चित्रासकट बोलणं, सगळं त्या एका बैठकीत. त्याच्या उजव्या हाताखाली माउस होता, जगानं पहिल्यांदा पाहिलेला. आणि डाव्या हाताखाली, हे सांगताना मास्तरांचा कंठ दाटतो, पाच पट्ट्यांची एक छोटी पेटी. पाच बोटं, 31 जोडण्या. उजव्या हातानं दाखवायचं, डाव्या हातानं लिहायचं, मधला कीबोर्ड मोठ्या मजकुरापुरता.

"उंदीर जगभर झाला हो," मास्तर म्हणतात, "आणि पेटीला कुणी विचारलं नाही. शिकायला मेहनत पडते म्हणे! सायकल शिकायला पडत नाही?"

त्या दिवशी वहिनी शिरा करतात. कुणाच्या नावानं, हे त्यांना नक्की माहीत नाही. सासरकडचं कुणीतरी असेल, असा त्यांचा पहिली काही वर्षं समज होता.

एंगलबार्टनंतर मास्तरांच्या गुरुपरंपरेत फार थोडी माणसं, पण एकेक नग. साय एंडफील्ड हा मूळचा सिनेमा दिग्दर्शक, 1964चा 'झुलू' त्याचा. पत्त्यांची जादू करण्यात पटाईत. बोटांचं मोल कळलेला माणूस म्हटल्यावर त्यानं पुढे मायक्रोरायटर नावाचं एका हातानं लिहायचं यंत्र काढलं. जपानच्या एनटीटी कंपनीतल्या दोघा संशोधकांनी 1990च्या दशकात बोटांत घालायच्या कड्यांमध्ये सेन्सर बसवले आणि गुडघ्यावर टिचक्या मारून अक्षरं काढून दाखवली. 1999 साली बर्कलीत बोटांच्या टोकांवर ॲक्सिलरोमीटर चिकटवलेला मोजा झाला. हे सगळं मास्तर मुलुंड ते कुर्ला एवढ्या अंतरात सांगतात. कुर्ल्याला गाडी रूळ बदलताना जोराचा हिसका बसतो, पाची कडी एकदम हादरतात आणि त्यांच्या फोनवर चारपाच मोकळ्या जागा पडतात. परंपरेचं कथन तिथे थांबतं.

मास्तरांचा हा ध्यास कुठून आला, याचं उत्तर त्यांच्या आतल्या खोलीत पलंगावर बसलेलं असतं. आप्पा. वय 79, कान तिखट, करंगळी लोखंडाची.

आप्पांचा टायपिंगचा क्लास होता. स्टेशनापासून पाच मिनिटांवर, पहिला मजला, लाकडी जिना. भिंतीला कीबोर्डचा तक्ता, खिडकीशी माठ, आणि ओळीनं मांडलेली यंत्रं. बरीचशी गोदरेजची. 1955 साली गोदरेजनं भारतात बनवलेला पहिला टाइपरायटर काढला. 2009 साली कारखान्यातून शेवटचे बाहेर पडले. या दोन सालांच्या मध्ये आप्पांनी किती पोरांना नोकरीला लावलं याची गणती नाही. तीसची परीक्षा, चाळीसची परीक्षा, राज्य परीक्षा परिषदेचं सर्टिफिकेट, की कारकुनाची जागा. पाठीला बाक आला की आप्पा खांद्यावर टिचकी मारायचे. पोरगं खाली बघतंय असं दिसलं की त्याच्या हातांवर टॉवेल टाकायचे. पण त्यांचं खरं हत्यार कान. वर्गाकडे पाठ करून, रजिस्टर भरता भरता म्हणायचे, "तिसरं यंत्र, करंगळी आळशी आहे." आणि खरंच तिसऱ्या यंत्रावरचा ए फिका उमटलेला असायचा. हातयंत्रात अक्षराचा ठसा बोटाच्या जोरावर. दुबळ्या बोटाचं अक्षर कागद चुगली करून सांगतो.

या आप्पांचे चिरंजीव टायपिंगच्या परीक्षेला कधी बसलेच नाहीत. फी माफ, यंत्र घरचं, मास्तर बाप. लहानपणी पट्टीचा फटका मनगटावर बसायचा, मनगट खाली पडलं म्हणून. डब्यातल्या जाणकारांच्या मते सगळं मूळ त्या पट्टीत आहे. मी स्वतः असली मानसशास्त्रं फार मानत नाही. पण मास्तर कीबोर्डवर बोलायला लागले की त्यांचा डावा हात नकळत उजवं मनगट चोळतो, हे पाहिलंय.

बापलेकांचा संवाद रोज एका वाक्याचा असतो. आप्पा म्हणतात, "आवाज येत नाही ते टायपिंग कसलं?"

आप्पांचा दुसरा आक्षेप जास्त शास्त्रीय आहे. हातयंत्रांची परीक्षा गेली, संगणकाची आली, तेव्हा पंच्याहत्तरीकडे झुकलेल्या आप्पांनी इन्स्क्रिप्ट शिकून घेतला. 1986चा सरकारी प्रमाण कीबोर्ड. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. आप्पांना तो बेहद्द आवडला. "बघ," ते मुलाला म्हणाले, "मराठी दोन हातांची भाषा आहे. एका हातानं लिहायला गेलास तर काना-मात्रा कुणी द्यायचे, शेजाऱ्यानं?"

आणि इथे आप्पा तंतोतंत बरोबर ठरले. एकतीस जोडण्यांत इंग्रजी माळ कशीबशी मावते. आपली बाराखडी दारातच अडते. मास्तर मराठी इंग्रजी अक्षरांत ठोकतात आणि फोन ती देवनागरीत करतो, स्वतःच्या अकलेनं. त्यांच्या मामींना नातू झाला. मास्तरांनी गाडीतून मोठ्या प्रेमानं विचारलं, बाळ कसं आहे? फोननं पाठवलं, बळ कसं आहे? मामींनी लगेच उत्तर दिलं: "आता पूर्वीसारखं कुठे राहिलंय. गुडघे बोलतात."

तरी मामी घरच्या. कचेरीतल्या साहेबांचं प्रकरण जास्त गाजलं. आषाढीच्या आदल्या दिवशी भजनी मंडळ रंगात होतं. टाळ, ढोलकी, पत्र्यावर थाप, अख्खा डबा विठ्ठल विठ्ठल. मास्तर साहेबांना उशीर होतोय असं कळवायला बसले होते. पण माणूस कितीही यंत्राचा भक्त असला तरी मराठी आहे. गजर आला की हात थांबत नाहीत. मास्तरांनी टाळ्या धरल्या. एक टाळी म्हणजे पाची बोटं. पाची बोटं म्हणजे मोकळी जागा. गजर पुष्कळ वेळ चालला. संपता संपता कुठल्यातरी भलत्या जोडणीनं निरोप गेला. साहेबांच्या फोनवर एक अतिशय लांब, संपूर्ण कोरा निरोप पोचला.

साहेबांचं उत्तर आलं: नोटेड.

मास्तर आजही हा पुरावा म्हणून दाखवतात. कचेरीच्या पत्रव्यवहारात मजकूर किती अनावश्यक आहे याचा.

बोलताना हातवारे करायची सवय ही दुसरी अडचण. मास्तर वाद घालताना तर्जनी टेबलावर आपटतात, म्हणजे ई. मुद्दा पटला नाही तर दोन बोटं, म्हणजे टी. आमटी-भात कालवताना काय काय उमटतं ते वहिनींनी एकदा मोठ्यानं वाचून दाखवलं. मुलीच्या मते ती वेल्श भाषा होती. पट्टा काढून जेवा, असं सांगितलं तर मास्तर म्हणतात, "अंगावरचं यंत्र अंगावरच हवं. चष्मा काढून जेवता का?"

वहिनींचा मार्ग वेगळा आहे. त्या फोन तोंडासमोर धरतात आणि बोलतात, "येताना अर्धा किलो भेंडी, कोवळी बघून, मागच्या वेळसारखी नको." फोन मुकाट्यानं सगळं मराठीत लिहून घेतो, टोमण्यासकट. मास्तरांना हे पाहवत नाही. "बोलणं म्हणजे लिहिणं नव्हे. गाडीत बोललात तर डबाभर ऐकतो." यात तथ्य आहे, हे मीही कबूल करीन. पलीकडच्या खिडकीतले एक गृहस्थ फोनला आपल्या थायरॉइडचा अहवाल तोंडी लिहायला सांगत होते तेव्हा ठाण्यापर्यंत आम्ही सगळ्यांनी आपापली औषधं सुचवली होती.

आणि पट्टा चालतो, असंही घडतं. एका पावसाळ्यात गाड्या रखडलेल्या, डब्यात श्वास घ्यायलाही रांग. फोन पोटाशी धरलेल्या सॅकच्या तळाला. हात वर न्यायची सोय नाही. सगळ्यांच्या घरी काळजी आणि कुणालाच काही कळवता येत नाही. मास्तरांचा उजवा हात पुढच्या तरण्या पोराच्या पाठीवरच्या सॅकला चिकटलेला. त्यांनी त्या सॅकवरच लिहायला सुरुवात केली. मुलगा मान वळवून म्हणाला, "काका, उतरायचंय का? मला पण दादरच."

"नाही, तुम्ही उभे राहा. घरी कळवतोय."

पोरानं पुढे दादरपर्यंत अंग आखडून धरलं, पाठीत सूक्ष्म टिचक्या सोसत. निरोप मात्र पोचला. वहिनींना तो मिळाला तेव्हा त्या घाबरल्या, कारण मास्तरांकडून टेस्टिंग सोडून दुसरं काही आलेलं त्यांनी पहिल्यांदाच वाचलं.

मास्तरांच्या विद्येला दाद देणारा एकच माणूस मला माहीत आहे. डोंबिवलीच्या फलाटावर रोज भेटणारे बँकेतले एक अंध अधिकारी. मास्तरांनी मोठ्या आशेनं पट्टा त्यांच्या बोटांत चढवला आणि तक्ता समजावून सांगायला लागले. ते ऐकत राहिले, मग हसले. ब्रेलच्या यंत्रावर लहानपणापासून बसलेला माणूस. प्रत्येक ठिपक्याला एक कळ, सहा कळा, अक्षराचे सगळे ठिपके एकदम दाबायचे. पर्किन्सचं ते यंत्र 1951चं. "हे तर आमचंच," ते म्हणाले. "पण आमचे ठिपके सहा. तुमचा एक कुठे हरवला?" आणि काही मिनिटांत त्यांनी मास्तरांपेक्षा सफाईनं स्वतःचं नाव लिहिलं. मास्तर आनंदले की खट्टू झाले, सांगता येत नाही. 8.12 आली आणि दोघं आपापल्या डब्याकडे धावले.

मागच्या वर्षी मास्तर एक नवीन बातमी घेऊन घरी आले. आता कडीही नकोत, मनगटावर नुसता पट्टा. स्नायूंना मेंदूकडून येणारे विजेचे इशारे तो कातडीवरूनच वाचतो. बोट हललं न हललं तरी कळतं. मेटा कंपनीच्या संशोधकांनी 2025 साली 'नेचर'मध्ये छापलंय, बोटानं गिरवल्यासारखं करून मिनिटाला 20.9 शब्द लिहिता येतात. मास्तरांनी आकडा उच्चारला आणि आप्पांकडे पाहिलं.

आप्पांनी पेपर खाली ठेवला. "एकवीस?"

"वीस पूर्णांक नऊ."

"माझ्याकडे तीसला पास करतात."

खोलीत पुढे काही बोलणं झालं नाही. पण आप्पांच्या मनात काहीतरी शिरलं असावं. दुसऱ्या दिवशी मास्तर पट्टा चार्जिंगला लावून आंघोळीला गेले, तेव्हा आप्पांनी तो उचलला, चष्मा लावून तक्ता वाचला, आणि पलंगावर मांडी घालून बोटांत कडी चढवली. जन्मभर दुसऱ्यांना तक्ते पाठ करायला लावलेला माणूस. अंगठा ए. तर्जनी ई. अनामिका आणि करंगळी मिळून एस. या एका जोडणीपाशी मास्तर आजही अडखळतात, कारण अनामिका एकटी उचलणं माणसाच्या हाताला मुळात जड जातं. आप्पांची अनामिका पन्नास वर्षं यंत्राच्या लोखंडी कळा दाबत आलेली. ती सुटी, स्वतंत्र, वेळेवर पडली. आवाज हवा म्हणून त्यांनी मांडीखालून स्टीलचं ताट ओढून घेतलं आणि त्यावर टाइप करायला लागले.

त्या दुपारी मास्तर कचेरीत असताना त्यांच्या फोनवर निरोप यायला लागले. पट्टा घरच्या टॅबला जोडलेला होता. इंग्रजीत, स्वल्पविरामासकट: महोदय, आपल्या मालाची पोच मिळाली, आभारी आहोत. थोड्या वेळानं: महोदय, आपल्या रिक्त जागेच्या जाहिरातीस अनुसरून. मग: महोदय, वारंवार स्मरणपत्रं देऊनही आपणाकडून येणं बाकी आहे. परीक्षेच्या पुस्तकातली सगळी सरावाची पत्रं आप्पांना पाठ आहेत, आणि ती त्यांनी ओळीनं पाठवली. मास्तरांनी साहेबांसमोर फोन उघडला तेव्हा एक कापड गिरणी त्यांच्याकडे रंग उडालेल्या गाठींबद्दल खुलासा मागत होती.

एवढ्या पत्रांत चूक एकही नाही.

तेव्हापासून पट्टा आप्पांकडे आहे. सकाळी मास्तर मागतात, आप्पा देत नाहीत. दुपारी ताटाचा टणटण आवाज खालच्या मजल्यापर्यंत येतो. सोसायटीतली दोन पोरं सुट्टीत शिकायला येऊ लागलीयत; आप्पांनी त्यांच्या हातांवर टॉवेल टाकलाय, खाली बघण्यासारखं काही नसतानाही. मास्तर हवालदिल झाले. 8.12ला रिकाम्या बोटांनी येतात, आणि ढोलकीवाला हळहळून विचारतो, पेटी दुरुस्तीला दिली का?

शेवटी परवा त्यांनी धीर केला. मला सोबत नेलं, साक्षीदार म्हणून. आप्पा पलंगावर, पट्टा बोटांत, ताट मांडीवर.

"आप्पा, माझा पट्टा."

"परीक्षा दे. तीस शब्द, चूक शून्य. पास झालास की घेऊन जा."

"तीस? अहो, तुम्हाला स्वतःला चौदाच्या वर जात नाही! मी मोजलंय!"

आप्पांनी ताट पुसलं, सरळ केलं आणि चष्म्यावरून मुलाकडे पाहिलं.

"मी परीक्षक आहे," ते म्हणाले. "मनगट वर घे."